वेतुरियाने कोंबडी मागितली

आमच्या गावातल्या एकूण एक माणसाची पाठ वेतुरियाने पाहिलेली आहे. पाठ म्हणजे कुठवर, ते तुम्ही समजून घ्या. किती वर्षं झाली, दवाखान्यात ती एकटीच नर्स. सरपंच चौकात भाषणाला उभा राहिला आणि समोर ही दिसली की त्याचा आवाज उतरतो. सुई पाहून तो कसा किंचाळला होता हे तिला माहीत आहे, आणि तिने ते सगळ्यांना सांगितलेलंही आहे. बाई अंगाने दांडगी, तोंडाने त्याहून. सिगारेट ओढत ओढत लोकांना सिगारेट सोडा म्हणून दटावते. चर्चमध्ये बेसूर गाते, पण तिला गप्प करायची पाद्रीबाबांचीही छाती होत नाही. माझं दुकान दवाखान्याच्या समोरच, म्हणून हे सगळं मला गल्ल्यावरून दिसतं. मी मुद्दाम बघत नाही.

गेल्या साली शहरातून नवा डॉक्टर आला. पोरगा सज्जन, पण सज्जनपणालाही काही माप असतं की नाही? आल्या आल्या दारावर पाटी लावली, इथे भेटवस्तू घेतल्या जात नाहीत. आता डॉक्टरकडे आमच्यात रिकाम्या हाताने कोण जातं? अंडी, कॉफीचा पुडा, घरची आलुबुखाराची दारू, काहीतरी नेतोच. लाच नव्हे हो. दिलं की आपला हक्क बसतो, आणि उद्या काही बिघडलं तर दारात उभं राहून भांडता येतं. ज्याने काही घेतलंच नाही, त्याला कुठल्या तोंडाने जाब विचारायचा?

त्यातच ती लस आली. गर्भाशयाच्या तोंडाला होणारा कॅन्सर टाळायची, शाळकरी पोरींसाठी, तीही फुकट. फुकट, आणि वर भेटही नको म्हणतात! झालं, बायकांच्या डोक्यात किडा शिरला. माझ्या दुकानात पाव घेता घेता त्यांनी ठरवून टाकलं की वेतुरियाला आतलं काहीतरी कळलंय, म्हणून ती हात झटकून मोकळी राहतेय. एकीने तर सांगितलं, पोरींना पुढे मुलं होणार नाहीत. मी तिला म्हटलं, असलं काही त्या लसीत नाही, आणि तुझ्या जावयाकडे बघता नातवंडं नसती झाली तरी काय बिघडणार होतं? तेव्हापासून ती पाव दुसरीकडून आणते.

वेतुरियाचा जीव अडकला होता तो एका पोरीत. पारास्किवाची नात इलिंका, बारा वर्षांची. तिची आई झामफिरा, पारास्किवाची लेक, ह्याच कॅन्सरने गेली, तेव्हा इलिंकाला धड चालताही येत नव्हतं. शेवटी शेवटी झामफिराचं सगळं वेतुरियानेच केलं. पोरीचा बाप स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला जातो. तो फोनवर म्हणाला, सासूबाई म्हणतील तसं करा. म्हणजे सगळं येऊन ठेपलं पारास्किवावर.

ती आली, बरं का! एका हाताला नात, दुसऱ्या काखेत लाल कोंबडी. वेतुरियाने पाटीकडे बोट दाखवलं आणि कोंबडी परत न्यायला सांगितलं. पारास्किवाने पाटी वाचली आणि कोंबडी नि नात, दोघींना घेऊन चालती झाली. जाताना माझ्याकडे मीठ घ्यायला थांबली.

"झामफिराच्या वेळी हिने माझ्याकडचं चीजसुद्धा घेतलं," ती म्हणाली. "आज कोंबडी घेत नाही. म्हणजे हिचाच त्या सुईवर भरवसा नाही."

मी दुकान उघडं टाकून समोर गेले आणि वेतुरियाला हे जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, भडकेल. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मी आपलं तिच्या पुढ्यात पाणी ठेवलं.

"इलिंकाच्या आईला ह्या हातांनी न्हाऊ घातलंय मी," ती म्हणाली. "आणि एका कोंबडीपायी पोरीला हातची घालवू?"

मग तोंड धुतलं आणि तडक पारास्किवाचं घर गाठलं. मीही मागोमाग गेले. असलं सोडून मीठ विकत बसायला मी काय वेडी आहे?

फाटकातूनच वेतुरियाने कोंबडी मागितली. पारास्किवा बेरकी, तिने भलतीच आणली, नुसती हाडं नि पिसं. वेतुरियाचा पारा चढला. मघाची लालच हवी, शिवाय अंडी हवीत, म्हणून ती हटून बसली. शेजारच्या बायका कुंपणाशी गोळा झाल्या. बराच वेळ घासाघीस चालली, आणि जसजशी वेतुरिया अडून बसत गेली तसतसा पारास्किवाचा चेहरा निवळत गेला.

"पोरीला काही झालं तर माझ्या झिंज्या धरायला ये," वेतुरिया म्हणाली. "पण फुकटात नाही धरू देणार."

लाल कोंबडी मिळाली. ती काखोटीला मारून बाई मागच्या पायवाटेने नाही, भर रस्त्याने, फाटकाफाटकाशी थांबून रामराम करत गेली.

सकाळी दवाखान्यासमोर पोरींची रांग, आणि प्रत्येकीच्या आईच्या काखेत काहीतरी फडफडतंय. आरवणं ऐकून डॉक्टर आतून धावत आला, नुसता पाटीकडे हात करत राहिला. वेतुरियाने त्याला समजावलं की पाटीवर भेट लिहिलंय, हा जामीन आहे. सहा महिन्यांनी पोर दुसऱ्या सुईला आली की ज्याची त्याला परत. डॉक्टरने हळूच विचारलं, तोवर ह्यांना खायला काय घालायचं. मका माझ्याच दुकानातून गेला.

पहिला नंबर इलिंकाचा. ती मोबाइलमध्ये बघत असतानाच सुई टोचून झालीही.

"एवढंच?" पारास्किवाने विचारलं.

"एवढंच."

"मग माझ्या झामफिराला का नाही दिलंत?"

"ती शाळेत होती तेव्हा ही नव्हती गं आपल्याकडे."

पारास्किवाने स्वेटरची बाही दंडापर्यंत वर सारली.

"तिच्या वाटची मला टोच," म्हणाली.

वेतुरियाने कापूस घेतला, म्हातारीचा दंड पुसला आणि तो तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला. बाहेर बायका घाई करायला लागल्या. मी दारात उभी राहिले आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही.