बारवेला दिलेलं नाव

अहमदपूरच्या बाजारात वर्षाराणीचं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज असा शिवते की लातूरहून बायका कापड पाठवतात. पण दुकानात आरसा नाही. नव्या गिऱ्हाइकाला नवल वाटतं. जुन्यांनी विचारणं सोडलंय.

झालं ते ती आठवीत असताना. शाळा शेजारच्या गावी, वाटेत जुनी दगडी बारव. त्या बारवेत पाण्यातली बाई राहते, आसरा. भर दुपारी तिथं वाकून बघू नये, असं वर्षाराणीची आई साखराबाई सांगायची. वर्षाराणी आणि तिची मैत्रीण ऋतुजा एका सायकलवर शाळेत जायच्या, एका डब्यात जेवायच्या.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ऋतुजा म्हणाली, तहान लागली, बारवेवर चल. वर्षाराणी नको नको म्हणत होती. ऋतुजानं तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या आणि शेवटच्या पायरीवर हात सोडला.

वर्षाराणी ओंजळ भरायला वाकली. पाण्यात तिचाच चेहरा होता. ती हसत नव्हती, पाण्यातली मात्र हसत होती. मग त्या चेहऱ्यानं तिला नावानं हाक मारली.

“माझं नाव कुणी सांगितलं?”

“तुझ्या मैत्रिणीनं. परवा तिचा पाय धरला होता मी. तुझं नाव देऊन सुटली ती.”

वर्षाराणीनं मागं वळून पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. वर सायकलची साखळी करकरली आणि आवाज लांब लांब गेला. तोवर थंडगार बोटांनी तिचा घोटा धरला होता. तूही एक नाव दे आणि जा, आसरा म्हणाली. ऋतुजाचं नाव ओठांवर आलं. राग होता, तरी वर्षाराणीनं ते नाव गिळलं.

“नाव न्हाई देत. काय घ्यायचं ते माझंच घे.”

घोटा सुटला. पाण्यातला चेहरा खाली खाली जात नाहीसा झाला. घरी आल्यावर तिनं आरशात पाहिलं, तर मागची भिंत दिसत होती, खुंटीवरचं दप्तर दिसत होतं, ती नव्हती. साखराबाईनं आरसा भिंतीकडं फिरवला. तेव्हापासून तिची वेणी आईच घालते.

सोमवारी ऋतुजा दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. पुढं क्लाससाठी लातूरला गेली, तिथंच नोकरीला लागली. या गोष्टीला पंधरा वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात ऋतुजा दुकानात आली. बराच वेळ नुसतं कापड चाचपत राहिली. मग रडत म्हणाली, तेव्हा फार भ्याले होते गं, अजून झोप लागत नाही.

वर्षाराणीनं मशीन थांबवली. “भ्यालीस म्हणून नाव सांगितलंस, ते समजतंय मला. पण त्यानंतर दोन दिवस माझ्या डब्यात जेवलीस, आन् मग हाताला धरून मला खाली नेलंस. तवापासनं आरशात मी दिसत न्हाई.”

रविवारी आपण बारवेवर जाऊ, मी माझं नाव देते आणि तुझा चेहरा मागून घेते, असं ऋतुजानं शपथेवर सांगितलं.

विश्वास ठेवायचा नाही, असं वर्षाराणीनं ठरवलं होतं. तरी रविवारी तिनं इस्त्रीची साडी नेसली आणि आईला विचारलं, मी दिसते कशी? नाक बापाचं हाय, गालावर खळी पडते, साखराबाई म्हणाली.

स्टँडवर ती सकाळी नऊपासून उभी होती. लातूरच्या चार गाड्या आल्या. ऋतुजाचा फोन बंद लागत होता. शेवटी ती एकटीच बारवेवर गेली.

पाण्यात नुसतं आभाळ होतं. पण खोल, शेवाळाच्याही खाली, तेरा वर्षांची एक मुलगी वर बघत होती.

“ती आली का?” मुलीनं विचारलं.

“न्हाई,” वर्षाराणी म्हणाली, आणि बराच वेळ तिच्याजवळ पायरीवर बसून राहिली.