मॅडमना आधी जुनी फिल्म लागायची

डागवाल्या मॅडम आधी माणूस बघत नसत, फिल्म बघत. चष्मा कपाळावर सरकवून उजेडाच्या डब्याला नाक टेकवायच्या. नमस्कार केला तरी उत्तर यायचं, "जुनी फिल्म?" नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एमआरआय सेंटरात त्या डॉक्टर; फिल्मवरचे डाग वाचायच्या म्हणून सगळे त्यांना डागवाल्या मॅडमच म्हणत.

मला त्या आवडत नसत. आमचे हे रिक्षा चालवायचे. घरी "वाढ" याच्यापुढे बोलणं नाही, पण मॅडमसमोर बोलतच राहायचे. ताप किती दिवस होता, पाय कधी जड पडले, झोप कशी लागते. मी दाराशी उभी. ह्यांच्या डोक्यात काय आहे ते मला कधी कळलं नाही, आणि त्या बाईने ते उजेडात लावून ठेवलेलं.

एकदा तापानंतर ह्यांचे पाय लुळे पडले होते. ते बरे झाले, मग वर्षाने हाताला मुंग्या आल्या. नव्या फिल्मवर मेंदूत पांढरे डाग दिसले. मॅडम म्हणाल्या, "हे नवे असतील तर आजार पुन्हा पुन्हा येणारा. मल्टिपल स्क्लेरोसिस. मग रिक्षाचं अवघड आहे. जुनेच असतील तर तो एकदाच येऊन गेला. गेल्या वेळची फिल्म कुठंय?"

"हिला विचारा. चौथी शिकलेली, चुलीत घातली असेल," हे म्हणाले. मॅडम हसल्या.

मी म्हटलं, "हरवली."

फिल्म पेटीत होती. साड्यांखाली, प्लास्टिकमध्ये, सपाट. माझं माहेर इगतपुरीचं, ओलीपासून वस्तू जपणं मला कुणी शिकवायला नको.

त्या संध्याकाळी हे बंद रिक्षात नुसतं हँडल धरून बसले. सकाळी मी एकटीच सेंटरात गेले.

मॅडमनी फिल्म तिरकी धरून बघितली. "एक ओरखडा नाही. हरवलेली वस्तू अशी नसते, ताई." मग मला डब्याजवळ ओढलं. "मोजा."

मी बोट ठेवून मोजले. जुन्यात नऊ. नव्यात चार, तेही जुन्याच जागी, फिकट.

"नवा एकही नाही," मी म्हटलं.

"मग?"

"एकदाच येऊन गेला."

"बहुतेक. लक्ष ठेवू. मुंग्या मानेमुळे असतील. आणि त्यांना मी सांगते, फिल्म सेंटरातच सापडली म्हणून."

मॅडम पुढे नाशिक सोडून गेल्या. हे अजून रिक्षा चालवतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, "काय बाई होती! वर्षाची जुनी फिल्म शोधून काढली!" ऐकलं की मी आजही जळते. खरं सांगता येईल मला. पण मग हरवली का म्हटलं, तेही सांगावं लागेल.