टोगोचं पिवळं कार्ड आणि माझी दहा पेरं

"दीदी, ये लोग बोल रहे हैं कि मैं आज नहीं जा सकता. कल जा सकता हूँ."

बुधवारची सकाळ, दहा वाजले होते. मी जबलपुरातल्या बड़ा फुहारा चौकाजवळच्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर चहा घेत होते. फोन मुंबई विमानतळावरून होता. बोलणारा बिहारीलाल, भेड़ाघाटचा संगमरवराचा कारागीर. दुपारी एकच्या विमानाने तो टोगोला निघाला होता. टोगो म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला एक चिंचोळा देश, राजधानी लोमे. हे मलाही दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं, पण तोपर्यंत मी असं बोलायला लागले होते जणू माझं माहेरच तिकडचं.

"काहीतरी गैरसमज असेल," मी म्हणाले. "फोन दो उनको."

काउंटरवरची मुलगी लाइनवर आली. आवाज गोड, बोलणं सरळ. "मॅम, पॅसेंजरचं यलो फीवर सर्टिफिकेट गुरुवारपासून व्हॅलिड आहे. आमचं विमान लोमेला बुधवारी रात्री साडेनऊला उतरतं. मी बोर्डिंग देऊ शकत नाही."

मी कप खाली ठेवला. बशीत नाही, कीबोर्डवर.

आता जरा मागचं सांगते. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जायचं तर पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस घ्यावी लागते. लस घेतली की एक पिवळं कार्ड मिळतं. त्यावर तुमचा पासपोर्ट नंबर, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का. कार्ड नसेल तर तिकडे उतरू देत नाहीत, आणि परत येताना आपलेही लोक दारातच अडवून वेगळं ठेवतात. ही लस गल्लीतल्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते. एका कुपीतून बऱ्याच जणांना टोचतात, म्हणून वार ठरलेले असतात. आम्ही आमच्या लोकांना नागपूरला पाठवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लस टोचली त्या दिवशी कार्ड चालू होत नाही. दहा दिवसांनी होतं.

दहा दिवसांनी. हे वाक्य मी एकोणीस वर्षांत किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल! बोट नाचवून.

बिहारीलालचं काम साधं नव्हतं. वीस वर्षं तो भेड़ाघाटला पर्यटकांना छोटे हत्ती आणि शिवलिंगं विकत होता. पहिल्यांदा मोठी मूर्ती मिळाली. लोमेतल्या गुजराती व्यापाऱ्यांनी देऊळ बांधलं होतं, त्यांची अंबामाता. मूर्ती जहाजाने आधीच पोचली होती, पण डोळे बाकी. बिहारीलालच्या घराण्यात देवाचे डोळे प्रतिष्ठेच्या दिवशीच उघडतात आणि ज्याने मूर्ती घडवली त्याच्याच छिन्नीने. मुहूर्त गुरुवारी सकाळी नऊचा. तिथले शेठजी फोनवर स्पष्ट म्हणाले होते, कारागीर नाही पोचला तर आम्ही इथल्या माणसाकडून करून घेऊ, मुहूर्त टळणार नाही.

बिहारीलालने तेव्हा मला एवढंच म्हटलं होतं, "दीदी, आँख पर किसी और का हाथ लग गया तो मूरत मेरी नहीं रहेगी."

मी म्हटलं, काळजी करू नका. मी आहे ना.

आणि होतेच मी! कसली जय्यत तयारी केली होती. ई-व्हिसा काढला. मलेरियाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहवून घेतली. छिन्न्या, हातोडी, कानस, सगळ्या अवजारांची यादी केली, कामाची अवजारं आहेत, विकायला नाहीत, परत आणणार, असं पत्र केलं. टोगोत फ्रेंच चालते, म्हणून ते पत्र फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवरून फ्रेंचमध्ये करून घेतलं. त्या फ्रेंचमध्ये नेमकं काय लिहिलंय ते मला आजतागायत माहीत नाही. त्याने नर्मदाजलाची बाटली हातातल्या पिशवीत टाकली होती, ती काढून मोठ्या बॅगेत टाकायला लावली. पॉलिशसाठी नेत असलेली संगमरवराची भुकटी तर जप्तच केली. म्हटलं, "भैया, सफेद पावडर कस्टमवाले को कौन सी भाषा में समझाओगे?" तो बिचारा हसला. मी स्वतःवर फार खूश होते त्या दिवशी.

एवढं सगळं केलं, आणि दहा दिवस मोजायला चुकले.

आमचे मालक मेश्राम सर माझ्या मागेच उभे होते. मूळ भंडाऱ्याचे, जबलपूरला तीस वर्षं झाली, पण बोलणं तसंच.

"काय झालं मॅडम? कीबोर्डले चहा काहून पाजून राहिल्या?"

मी सांगितलं. सांगताना पुन्हा मोजूनही दाखवलं. "सर, सोमवारी लस. सोम, मंगळ, बुध..." पेरांवर अंगठा टेकवत गेले. "...रवि सात, सोम आठ, मंगळ नऊ, बुध दहा. झाले की दहा!"

सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे.

"लस टोचली तो सोमवार काहून मोजला?"

उत्तर मला तोपर्यंत कळलं होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. आमच्या घरी मराठीपण उरलंय ते एवढ्यातच. बाबा अमरावतीहून इथे फॅक्टरीत आले, आमची पोरं घरात हिंदी बोलतात, पण दिवस मोजायचे ते आईने शिकवल्यासारखेच. माणूस गेला तो दिवस पहिला, मग दहावा, तेरावा. बाळ झालं तो दिवस पहिला, मग बाराव्याला बारसं. घटस्थापना पहिली माळ. नुकताच सासूबाईंचा दहावा मीच मोजून भटजींना सांगितला होता, एकदम बरोबर. तीच पेरं, तोच अंगठा. बिहारीलालची लस मी दहाव्यासारखी मोजली होती. लसीच्या केंद्रावरचे लोक मात्र लस टोचल्याचा दिवस सोडून दहा मोजतात.

शेवटी सांगितलं. सर हसले, अगदी मान मागे टाकून.

"बरं झालं बाई! आम्हा बौद्धांत दहावा नाही, तेरावा नाही. म्हणून आमचं गणित अजून शाबूत हाय."

"सर, हसता काय! त्या माणसाचं काम जाऊन राहिलं!"

"मंग रडू का? स्क्रीनवर या. एक गोष्ट सांगा, कार्ड गुरुवारी किती वाजता चालू होते?"

"वाजता नाही सर, तारीख असते फक्त."

"मंग गुरुवार किती वाजता चालू होते?"

मी मूर्खासारखी म्हणाले, "रात्री बारा वाजता."

"चलो," सर म्हणाले. "म्हणजे आपल्याले दिवस नाही पाहिजे, अडीच तास पाहिजे."

खरं सांगते, त्या क्षणी मला सरांच्या पाया पडावंसं वाटलं. मी उद्याची विमानं शोधत होते, आणि उद्याचं कुठलंही विमान मुहूर्ताआधी पोचत नव्हतं. पण आज निघून उशिरा पोचणारं विमान चाललं असतं! आयुष्यभर गिऱ्हाइकांसाठी कमी थांब्याची विमानं शोधली. त्या दिवशी पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, बाबा रे, जास्तीत जास्त रखडणारं विमान दे.

सापडलं. संध्याकाळी पाचला मुंबईहून, दोन ठिकाणी बदल, दुसऱ्या ठिकाणी चार तास नुसतं बसून राहायचं. असं तिकीट एरवी मी शत्रूलाही दिलं नसतं. लोमेला गुरुवारी सकाळी सहा वाजता. एक सीट. मी दोन्ही विमानतळांचे नियम उघडून पाहिले, तिथे वेगळा व्हिसा लागत नव्हता. या वेळी स्वतः वाचले आणि सरांकडूनही वाचून घेतले.

बिहारीलालला फोन केला. "भैया, सुनो. गलती मेरी थी. आपकी नहीं, काउंटरवाली की नहीं, मेरी."

"अच्छा," तो म्हणाला. मग विचारलं, "पहुँच तो जाऊँगा ना दीदी?"

"छह बजे उतरोगे. मुहूर्त नौ का है."

हे म्हणताना माझा आवाज इतका बारीक झाला की सरांनी पंखा बंद केला.

तीन तास. त्यात विमानातून उतरणं, कार्ड दाखवणं, बॅग घेणं, आणि मग कस्टम. अवजारांनी भरलेली बॅग आणि माझं ते फ्रेंच पत्र. मी शेठजींना फोन करून सगळं सांगितलं आणि माणूस दारावर उभा ठेवायला सांगितला. शेठजी म्हणाले, "बेन, नौ माने नौ." मी म्हटलं, हो, मला आता मोजता येतं. ते हसले नाहीत.

गुरुवारी मी लवकर आले. लोमेत सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. बारा वाजले, फोन नाही. एक वाजला, नाही. एक गिऱ्हाईक दुबईचं विचारायला आलं, त्याला मी दोनदा टोगोचे नियम सांगितले. सर म्हणाले, मॅडम, तुम्ही आत जाऊन बसा. तिथे नऊ वाजले, म्हणजे आपल्याकडे अडीच. नाही. मला खात्री झाली की तो कस्टममध्ये छिन्न्या मांडून बसलाय आणि तिकडे कोणीतरी परका माणूस आईच्या डोळ्यांना हात लावतोय. डोळ्यात पाणी आलं माझ्या. लाजच वाटली, पण आलं.

साडेतीनला फोटो आला. अंबामाता. डोळे उघडे. शेजारी बिहारीलाल, अंगात तोच दोन दिवसांचा शर्ट, केस ओले. मागोमाग फोन.

"हो गया दीदी! कस्टम में एक घंटा रोका. आपकी चिट्ठी साहब ने पढ़ी, फिर दूसरे साहब को पढ़वाई, दोनों बहुत हँसे, फिर छोड़ दिया. पौने नौ को मंदिर पहुँचा. नल पर नहाया और बैठ गया."

मी खुर्चीत मागे टेकले. म्हटलं, "भैया, माफ करना. मेरी वजह से आपका सब जाते-जाते बचा."

"अरे नहीं दीदी. एक बात बोलूँ? बुरा मत मानना."

"बोलो."

"कार्ड की तारीख मैंने नागपुर में ही पढ़ ली थी. सिस्टर ने भी बोला था, गुरुवार से चालू होगा."

"फिर मुझे बताया क्यों नहीं?"

"बताया था ना दीदी. जिस दिन टिकट लेने आया था. आपने कहा, भैया, पत्थर आप देखो, कागज़ मुझे देखने दो."

मला आठवलं. अगदी शब्दन् शब्द. तो कार्ड पुढे करून काहीतरी सांगत होता, आणि मी त्याच्या हातातून ते घेऊन न वाचताच त्याची झेरॉक्स काढायला गेले होते. वर म्हटलंही होतं, यात तुम्हाला काय कळणार.

आता मी दिवस कॅलेंडरवर मोजते, पेरांवर नाही. फाइल बंद करायच्या आधी प्रवाशाला म्हणते, तुमचे कागद तुम्हीच मला मोठ्याने वाचून दाखवा. तो वाचेपर्यंत मी मधे बोलायचं नाही, असा माझा नियम आहे. सर म्हणतात, मॅडम, तुमच्या कामात हेच सगळ्यात अवघड आहे. खरंच आहे. कालच एकाला मी दुसऱ्या ओळीवर मधेच तोडलं.