मखमलीखालचं बक्कल

नायगावच्या बीडीडी चाळीतला दौलत पालव तीस वर्षं टॅक्सी चालवतोय, पण सीटबेल्ट त्याच्या लेखी फक्त हवालदारापुरता. भोईवाड्याच्या सिग्नलला पांढरा शर्ट दिसला की पट्टा छातीवर ओढून हाताने धरायचा, सिग्नल सुटला की सोडून द्यायचा. आरामाचं मात्र भारी वेड. मागच्या सीटला त्याने बायकोकडून, मालनकडून, लाल मखमलीचं कव्हर शिवून घेतलं होतं. पट्ट्यांची बक्कलं पॅसेंजरच्या कुल्ल्याला टोचतात म्हणून ती कव्हराखाली गाडून टाकली. बसणारे म्हणायचे, काका, सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, की दौलत फुगलाच.

मग लेकीला, आकांक्षाला, सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण उरकल्यावर दौलत आणि मालन तिला आणायला गिरगावात तिच्या सासरी गेले. टॅक्सी धुतलेली, बॉनेटवर झेंडूची माळ, मागे दोन उशा. तिथली अख्खी चाळ गॅलरीत उभी, आणि आकांक्षा दार उघडून तशीच थांबली.

“बाबा, पट्टा अडकवायचा कुठे? बक्कल कुठंय?”

“अगो, उशी घे नि बस. तीस वर्षांत ओरखडा नाय गाडीला.”

“गाडीचं कोण विचारतंय? डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, पोटाखालून पट्टा लावायचाच. नसेल तर मी येत नाही.”

विहीणबाई, सुमतीताई, लगेच पुढे सरसावल्या. “मग राहू दे की इथेच. आम्ही काय परके आहोत?” त्यांना मेलं तेवढंच हवं होतं.

दौलतने बॉनेटवरच्या झेंडूकडे पाहिलं. माळ घातलेली टॅक्सी लेकीशिवाय रिकामी परत न्यायची, ती पण साऱ्या चाळीसमोर?

“कव्हर फाडूक लागतला,” तो पुटपुटला. “तुझ्या आयेने शिवलंय.”

शेवटी कुणीतरी वरून ब्लेड आणून दिलं. दौलतने मन घट्ट करून मखमल कापली. आतून एक केसाची पिन, शेंगदाण्याची टरफलं आणि बक्कल निघालं. आकांक्षा बसली, पट्टा खट्कन लागला. सुमतीताईंनी तोंड फिरवलं. दौलतला हायसं वाटलं.

तो स्टिअरिंगकडे वळणार तर मालन पलीकडच्या दाराशी उभी.

“ह्या बाजूचा पण काढा,” ती म्हणाली. “तीस वर्षां मी हयच बसतंय. मी काय डिकीतला सामान?”

दौलतला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली. तो पलीकडे गेला आणि गुडघे टेकून दुसरी बाजू कापायला लागला.