नऊ आणि नववा

अमेरिकेत एडिसन गावात मी ज्या काकांना सांभाळते, त्यांची वाचा अर्धांगाच्या झटक्यात गेली. अगदी सगळी नाही. ‘अरे’, ‘नको’ आणि आकडे तेवढे राहिले. असं का होतं ते डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला समजावलं, मला काही कळलं नाही. मी सातवीत शाळा सोडली. इथे कोणी इंग्रजीत समजावायला लागलं की मी आधी मान हलवते, मग घाबरते. काकू आजारी होत्या तेव्हा मी या घरात आले. काकू गेल्या, तरी या लोकांनी मला ‘जा’ म्हटलं नाही. झटक्याआधी संध्याकाळी काका मला बेसबॉल समजावत बसायचे. अर्धं डोक्यावरून जायचं, पण त्यांच्याशेजारी सोफ्यावर बसायला मिळायचं, ते मी विसरत नाही.

दर रविवारी त्यांच्या मित्राचा दूरच्या रेडमंड गावाहून फोन येतो. दोघं इथे एकत्र शिकले, एकाच टीमचे वेडे झाले. गेल्या तीसेक वर्षांत त्या टीममधला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, यावर त्यांचं भांडण. काकांचा एक कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून बॉल झेलणारा. रेडमंडच्या काकांचा एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. दोघंही हटत नसत.

झटक्यानंतरही फोन येत राहिला. आता व्हिडिओवर, आणि फोन मी धरायचा. त्या रविवारी मित्र म्हणाले, पुन्हा पहिले दहा ठरवतोय, पहिला कोण, आणि तुझ्या कॅचरला कितवा नंबर देऊ? काका ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, “नऊ. अरे... नऊ.” तिकडे नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं.

“नववा म्हणतायत,” मी सांगितलं. शाळेत असताना नंबर म्हणजे परीक्षेतला, तोच माझ्या डोक्यात.

मित्र हसले. “नववा? म्हाताऱ्या, इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि आता नववा?”

काकांनी डावा हात खुर्चीवर आपटला. मग तोच हात खांद्यावरून मागे नेऊन पाठ दाखवू लागले. मला वाटलं खाज येतेय. फोन टेबलावर ठेवून मी त्यांची पाठ खाजवली. ते ‘नको, नको’ करत राहिले आणि त्यांचे डोळे भरले. “दमला असेल,” म्हणून मित्रांनी फोन ठेवला.

तो आठवडा वाईट गेला. जेवण अर्धवट. बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या तर त्यांच्याकडे पाठ. मुलीने मला विचारलं, काय झालं? मला माहीत असतं तर सांगितलं असतं. बीपी वाढलं तर काय करायचं, याच धास्तीत मी.

शनिवारी दुपारी मॅच लागली होती. एक खेळाडू आत चालला होता, पडद्यावर त्याची पाठ, पाठीवर मोठा आकडा. काकांनी पडद्याकडे बोट केलं, मग खांद्यावरून मागे.

“काका, तुमच्या कॅचरच्या पाठीवर नऊ होता?”

त्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ मान डोलावली. पहिला कोण, तर नऊ नंबरवाला; नाव तोंडात येत नव्हतं, म्हणून आकडा.

रविवारची वाट न बघता मीच फोन लावला. माझी चूक सांगितली. मित्र म्हणाले, “तू काय करणार ग. मला कळायला हवं होतं. दे त्याला.”

काका सावरून बसले. रुमालाने ओठ पुसला. मित्र त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाले, “बरं. तुझाच पहिला. माझा दुसरा. झालं?”

हे त्यांनी आजवर कधी कबूल केलं नव्हतं.

“नको,” काका म्हणाले.

मित्रांना वाटलं, काकांना ऐकू गेलं नाही. ते मोठ्याने म्हणाले, “अरे, तू जिंकलास.”

“नको. अरे... नको.”

“काय म्हणतोय ग?”

“नको म्हणतायत.”

“काय नको?”

मला कळलं होतं. त्यांना माघार नको होती, भांडण हवं होतं, पूर्वीसारखं. पण त्यांच्याच समोर, ‘तुमच्या आजारी मित्राची कीव करू नका’, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? माझा हात अवघडला होता. मी फोन तसाच धरून उभी राहिले आणि ते दोघं माझ्याकडे बघत राहिले.