मापाची रेघ

दिंडोरीतल्या शेतीऔषधांच्या दुकानात आम्ही द्राक्षवाले खिशात पान घेऊन जायचो. शेठ ते उजेडात धरायचे, रोग सांगायचे, औषधाचं माप सांगायचे. लिहून कधीच दिलं नाही. "डोक्यात ठेव, चिठ्ठी धुण्यात जाते," म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलायला गेले की भलताच शब्द येतो. बाटलीला "घोडा" म्हणतात आणि स्वतःवरच चिडतात. आपलं बोलणं त्यांच्यापर्यंत किती पोचतं, तेही कळत नाही. मान मात्र हलवतात.

परवा डाग पडलेलं पान नेलं. त्यांनी ते उजेडात धरलं, फळीवरून झटकन एक बाटली काढली आणि म्हणाले, "घोडा."

मला धीर होईना. म्हणून मुद्दाम चुकीचं विचारलं, "शेठ, एका पंपाला अख्खी बाटली ना?"

"हो, हो."

एवढ्या औषधाने अख्खी बाग जळाली असती.

तेवढ्यात त्यांनी मापाचा पेला माझ्या हातात देऊन पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं. मी पेला काठोकाठ भरला. त्यांनी तो हिसकावून ओतून दिला, स्वतः अगदी खालच्या रेघेपर्यंत भरला, मग माझ्याकडून दोनदा तसाच भरून घेतला.

नंतर बाटली माझ्या हातात दिली आणि माझा दंड धरून बराच वेळ काहीतरी कळकळीने सांगत राहिले. मला एक अक्षर उमगलं नाही.

"हो, हो," मी म्हणालो.

तसलं 'हो' त्यांनी लगेच ओळखलं. बाटली माझ्या हातातून काढून त्यांनी परत फळीवर ठेवली.