सोप्यापर्यंत या

चिप बसवलेल्या बोर्डाला केबल लावण्याआधी अक्का टेबलावर बोटाने दोनदा टकटक करत आणि विचारत, "हाय का कुणी घरात?"

आम्ही हसायचो. आमचं ऑफिस शाहूपुरीत, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. तिथं बसून आम्ही दहाजण इलेक्ट्रॉनिक चिपांची डिझाइनं करतो हे माझ्या सासुरवाडीत अजून कुणाला खरं वाटत नाही. अक्का आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण बॉससुद्धा अक्काच म्हणायचा. राहायच्या कोडोलीला. घरी चार म्हशी, नवरा शिक्षक. तीनशे पानांचा परदेशी दस्तऐवज वाचून झाला की चष्मा काढून म्हणत, "हे समदं दोन वळीत मावत हुतं की!" असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर तुमचं नशीब जरा कच्चं.

दुधातलं फॅट मोजणाऱ्या यंत्रासाठी आम्ही एक चिप करत होतो. चिप आत काय करते आहे ते बाहेरून दिसत नाही. ती अडली तर आत डोकावायला एक छोटं दार ठेवावं लागतं, त्याला डीबग पोर्ट म्हणतात. चिपवर चालणारा प्रोग्रॅम मी लिहायचो, म्हणून मला ते दार सताड उघडं हवं होतं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांना ते कायमचं बुजवून हवं होतं, कारण दारातून आत शिरलेला माणूस फॅटचा आकडाही बदलू शकतो. आमची भांडणं खालच्या दुकानात ऐकू जात.

अक्कांनी फळ्यावर एक घर काढलं. पुढे सोपा म्हणजे ओसरी, मागे माजघर, त्याच्या आत देवघर.

"पावणं आलं तर हाकलतोय व्हय आपण? सोप्यात बसवायचं. तितनं घरात काय चाललंय ते दिसतंय. पर माजघरात पाय न्हाय ठेवायचा. आन् देवघराचं दार पावणं यायच्या आदीच वडून घ्यायचं."

म्हणजे दार उघडायला आलेल्याला चिप दर वेळी नवा प्रश्न विचारणार आणि त्याचं उत्तर आमच्या ऑफिसात बसलेल्या दुसऱ्या माणसाकडूनच मिळणार. दार उघडलं तरी चिपच्या कामाच्या पायऱ्या नुसत्या दिसणार, बदलता काहीच येणार नाही. गुपित किल्ल्या, म्हणजे चिपची कुलपं उघडणारे आकडे, तर आधीच झाकलेल्या.

यापायी काम दोन महिने लांबलं. "अक्का, दुधाचं यंत्र आहे हो, दारूगोळ्याचं कोठार नाही," मी वैतागून म्हणालो. एरवी त्यांनी मला तिथल्या तिथे झाडलं असतं. त्या दिवशी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"माज्या वडलांचं, आप्पांचं, दूध रोज सातच्या वर फॅटचं. एकदा डेरीतल्या मशिनीत कुणीतरी हात घातला आन् आकडा पाचावर आला. डेरीवालं चार माणसांत म्हणालं, म्हाताऱ्यानं पाणी घातलंय. आप्पा परत डेरीची पायरी चढलं न्हाईत. दुसऱ्या दिवसापास्नं किटली घिऊन मला धाडायला लागलं."

मी कामाला लागलो. पण पटलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

चिप तयार झाली, यंत्रं बसली आणि पेठ वडगावजवळच्या एका डेअरीत यंत्र ऐन गर्दीत अडायला लागलं. बंद करून सुरू केलं की पुन्हा ठीक. ऑफिसात मी दिवसभर नमुने घालत बसलो, एकदाही अडलं नाही. साहेबांचा फोन आला. एवढा खटाटोप करून ठेवलेल्या दारातून चूक दिसत नसेल तर ते दार काय कामाचं? एक सकाळ देतो. सापडली नाही तर पुढच्या सगळ्या चिपांत दार बुजवायचं. आणि मी? मी बॉसच्या कानाला लागून आलो, की दार उघडं ठेवलं असतं तर ही वेळच आली नसती.

सकाळी सहाला आम्ही डेअरीत. रांग दारापर्यंत. साहेबही आलेले. अक्कांनी केबल काढली, टेबलावर टकटक केली. "हाय का कुणी घरात?"

"कुणाला इचारतीस गं?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"मशिनीला."

"बोलती व्हय?"

"बोलती की. पर वळख पटल्याबिगर न्हाय."

चिपने प्रश्न विचारला, अक्कांनी तो फोनवरून ऑफिसात कळवला, उत्तर आलं, दार उघडलं. लॅपटॉपवर ओळी सरकू लागल्या. दहा किटल्या झाल्या, तीस झाल्या. काही नाही. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. अक्कांच्या कपाळावर मी पहिल्यांदाच घाम पाहिला.

मग म्हातारीची पाळी आली. सहा पॉइंट आठ. पावती छापून बाहेर येत होती तोच तिने ती अर्ध्यातून खसकन ओढली. "वडापची जीप सुटंल माजी!"

यंत्र थांबलं.

अक्का पडद्यावर वाकल्या. छापून झाल्याचा प्रिंटरचा निरोप यायची चिप वाट बघत बसली होती. पावती ओढल्यामुळे प्रिंटर अडकला होता, तो निरोप येणारच नव्हता. आमच्या ऑफिसात आम्ही पावती पूर्ण छापेपर्यंत शहाण्या मुलांसारखे थांबायचो. डेअरीत कोण थांबतंय? आणि किती वेळ वाट बघून पुढे जायचं हे प्रोग्रॅममध्ये लिहायला विसरलेला माणूस मी होतो.

"घावलं!" अक्का अशा ओरडल्या की रस्त्यावरची माणसं आत डोकावली.

"कुणाची चूक?" साहेबांनी विचारलं. मी बुटांकडे बघत होतो.

"आमचीच. घरातली हाय, घरात निस्तरतो." माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्या क्षणी त्या बाईचे पाय धरावेसे वाटले मला.

साहेबही पक्के. "दार उघडंच आहे, तर बघतो," म्हणत त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि त्याच दुधाचा आकडा बदलायच्या मागे लागले. म्हातारी वडाप सोडून तिथंच उभी. "वाडवा की सायेब, कोन नगं म्हणतंय!" साहेबांनी माहीत होत्या त्या सगळ्या युक्त्या केल्या. यंत्र आपलं दर वेळी सहा पॉइंट आठ. सगळी रांग टेबलाभोवती जमली. शेवटी साहेबांनी हात जोडले.

"अक्का, राहू दे तुमचा सोपा."

कुणीतरी जोरात शिट्टी मारली. अक्का पदराने कपाळ पुसत लहान मुलीसारख्या हसत होत्या. माझी चूक मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली आणि त्यानंतरच्या आमच्या प्रत्येक चिपमध्ये अक्कांचं दार आहे.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या टेबलावर अजून कुणी बसत नाही, का ते मलाही सांगता येणार नाही. परवा कामानिमित्त कोडोलीला गेलो होतो. तिथल्या डेअरीत आता आमचीच चिप असलेलं यंत्र आहे आणि अक्का किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी दारातच थांबलो. त्यांची पाळी आली, दूध ओतलं गेलं आणि आकड्याकडे सगळ्या रांगेच्या माना वळल्या. अक्का मात्र यंत्राकडे पाठ करून शेजारणीला वांग्याची रोपं किती अंतरावर लावायची ते हातवारे करून सांगत होत्या.